साक्ष आधी आपल्या घरातून
हासनच्या बानू मुश्ताक यांच्या कथा आणि आपली घरे

माझी मोठी फुफी सही करायला शिकली ती प्रौढ शिक्षणाच्या वर्गात. त्या सहीचे तिला फार कौतुक होते. पण महत्त्वाच्या कागदावर ती सही तिने आयुष्यात एकदाच केली. दादाजान गेले, चाळिसावा झाला आणि त्याच आठवड्यात घरातली पुरुष मंडळी तिला रिक्षात बसवून रजिस्ट्रार कचेरीत घेऊन गेली. कागद हक्कसोड पत्राचा होता. घर आणि रस्त्यावरचे दोन गाळे, यांतला आपला हिस्सा मी राजीखुशीने भावांना सोडत आहे, असे त्यात लिहिले होते. फुफीने वळणदार सही केली. घरी आल्यावर तिला साडी-चोळी मिळाली, दुपारी बिर्याणी झाली आणि संध्याकाळच्या एसटीने ती सासरी गेली.

कोणी जबरदस्ती केली नव्हती. कोणी आवाज चढवला नव्हता. "बहिणीने हिस्सा घेतला तर माहेर तुटते," एवढेच कोणीतरी म्हणाले होते. त्या कचेरीच्या बाकावर माझे अब्बाही बसले होते. ते पाच वक्तांचे नमाजी होते, जकात पैशापैशाचा हिशेब करून काढत. मी तेव्हा दहावीत होते आणि मला त्यात काही वावगे वाटले नव्हते.

हे सारे पुन्हा डोळ्यांसमोर आले ते बानू मुश्ताक यांची एक कथा वाचताना. त्या कथेत मशिदीचा एक मुतवल्ली आहे. त्याची बहीण त्याच्याकडे बापाच्या मालमत्तेतला आपला हिस्सा मागते. मुतवल्लीला राग येतो, झोप उडते. तेवढ्यात गावात एक वेगळेच प्रकरण उभे राहते. एका मुसलमानाची मयत दुसऱ्यांच्या स्मशानात पुरली गेल्याचा बोभाटा होतो. मुतवल्ली त्या प्रकरणात स्वतःला झोकून देतो. साऱ्या कौमची इज्जत आता त्याच्या खांद्यावर येते आणि बहिणीचा हिस्सा आपोआप मागे पडतो. कथा मी खाली ठेवली. मुतवल्लीचा चेहरा मला ओळखीचा वाटत होता.

दखनी घर, कन्नड शाळा

२० मे २०२५ रोजी लंडनमध्ये आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा हे नाव आपल्यापैकी अनेकांनी पहिल्यांदा ऐकले. 'हार्ट लॅम्प' हा बारा कथांचा संग्रह. मूळ कथा कन्नड, १९९० ते २०२३ या काळात लिहिलेल्या. इंग्रजी अनुवाद मडिकेरीच्या दीपा भास्ती यांचा. पन्नास हजार पौंडांचे पारितोषिक लेखिका आणि अनुवादिका यांच्यात निम्मे-निम्मे वाटले गेले. कन्नड पुस्तकाला हा मान प्रथमच मिळाला आणि कथासंग्रहालाही तो प्रथमच मिळाला. तेव्हा बानू मुश्ताक यांचे वय सत्याहत्तर होते.

पण आपल्याला जास्त जवळची वाटेल ती गोष्ट त्याआधीची आहे. बानू मुश्ताक यांचा जन्म १९४८ सालचा, कर्नाटकातल्या हासन गावचा. घरात दखनी बोलली जाई. मुलगी आठ वर्षांची झाली तेव्हा वडिलांनी तिला शिवमोग्ग्याच्या एका मिशनरी शाळेत कन्नड माध्यमात घालायचे ठरवले. शाळेने अट घातली: सहा महिन्यांत कन्नड लिहिता-वाचता आले पाहिजे, नाहीतर नाव काढू. त्या मुलीने काही दिवसांतच कन्नड अक्षरे गिरवून दाखवली. पुढे त्याच भाषेत तिने आपल्या मोहल्ल्याची सुखदुःखे लिहिली.

घरात दखनी आणि शाळेत राज्याची भाषा, हे आपल्यातल्या किती घरांचे चित्र आहे! "मुसलमान असून इतके चांगले मराठी कसे बोलता?" हा प्रश्न ज्याने ऐकला नाही असा मराठी मुसलमान विरळा. १९९० साली बानू मुश्ताक यांचा पहिला कथासंग्रह कन्नडमध्ये आला आणि त्याच वर्षी आपल्या सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. दोन्हीकडे सांगणे एकच होते: ही भाषा आमचीही आहे आणि आमच्या घरात काय चालते ते आम्हीच सांगू.

त्यांनी सव्विसाव्या वर्षी पसंतीने लग्न केले. मग बाळंतपण आले, घरात कोंडलेपण आले आणि मनाला खोल उदासीने घेरले. त्या दिवसांत एकदा आपण जीव द्यायला निघालो होतो आणि पतीने तान्हे मूल पायाशी ठेवून आपल्याला परत आणले, हे त्यांनी स्वतः मुलाखतीत सांगितले आहे. पुस्तकाला ज्या कथेचे नाव आहे तिच्यातही असाच एक क्षण येतो. नवऱ्याने टाकलेली बाई माहेरी येते, माहेरचे लोक तिला इज्जतीच्या नावाखाली परत पाठवतात आणि ती रॉकेलपर्यंत पोचते. तिला थांबवते ती तिची स्वतःची लेक. अशी कथा ऐकीव गोष्टींवर उभी राहत नाही.

पुढे त्या पत्रकार झाल्या. पी. लंकेश यांच्या गाजलेल्या 'लंकेश पत्रिके' या साप्ताहिकात त्यांनी काम केले, हासनच्या नगरपालिकेत निवडून गेल्या आणि नंतर वकिली केली. वकिलाच्या टेबलासमोर रोज कोणीतरी बसलेले असे. पोटगी न मिळालेली, मेहेर बुडालेली, मुलींच्या रांगेमुळे टाकलेली. कथेची माणसे तिथूनच येत.

'भुसा' आणि बंड

या लेखिकेची पाटी-पेन्सिल घरात घडली असेल, पण लेखणीला धार आली ती एका चळवळीत. ती समजून घेतल्याशिवाय पुढचे नीट कळणार नाही.

१९७३ साली म्हैसूरच्या एका सभेत कर्नाटकचे मंत्री बी. बसवलिंगप्पा म्हणाले की कन्नड साहित्यातले बरेचसे लेखन 'भुसा' आहे. भुसा म्हणजे गुरांपुढे टाकायचा, अगदी आपल्या मराठीतला. बसवलिंगप्पा दलित होते. शतकानुशतके लिहिल्या गेलेल्या पोथ्या-पुस्तकांत माझ्या माणसांचे दुःख कुठे आहे, हा त्यांचा सवाल होता. त्यावर मोठा भडका उडाला. मोर्चे निघाले, दलित विद्यार्थ्यांना मारहाण झाली आणि मंत्र्यांना खुर्ची सोडावी लागली. पण सवाल गेला नाही. मुंबईत १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली होती, मराठीत दलित साहित्य गाजत होते. तिकडे सिद्धलिंगय्या, देवनूर महादेव यांच्यासारखे लेखक पुढे आले. १९७९ च्या कन्नड साहित्य संमेलनात दलित साहित्यासाठी स्वतंत्र बैठक ठेवावी ही मागणी नाकारली गेली, तेव्हा त्या लेखकांनी बेंगळुरूत आपले वेगळे संमेलन भरवले. त्या चळवळीचे नाव 'बंडाय'. आपल्या मराठीतले बंडच ते.

बंडाय चळवळीचे म्हणणे सोपे होते. ज्याच्या पाठीवर वळ उठतात त्यानेच लिहावे, आणि जो लिहील त्याने जुलमाच्या बाजूला बसू नये. दलित, शेतकरी, बाया, मुसलमान असे वेगवेगळ्या वस्त्यांतले लोक त्या मांडवात आले. मुसलमान घरातली बाई लिहिते ही गोष्ट कन्नडमध्ये तेव्हा नवी होती. कासरगोडच्या सारा अबूबकर यांनी 'चंद्रगिरीच्या तीरावर' ही कादंबरी लिहिली, तीही 'लंकेश पत्रिके'मधूनच प्रथम आली. बापाच्या हट्टापायी नवऱ्यापासून तोडलेल्या आणि परत जाण्यासाठी एका रात्रीच्या दुसऱ्या निकाहची अट पुढे ठेवल्या गेलेल्या नादिराची ती कहाणी आहे. बानू मुश्ताक याच वाटेवरून पुढे गेल्या.

दलित लेखक जेव्हा गावकुसाबाहेरच्या घरात बाईला होणारी मारहाणही लिहू लागले, तेव्हा त्यांना विचारले गेले, "आधीच लोक आपल्याला नावे ठेवतात, त्यात तू आपलेच का उघडे पाडतोस?" मुसलमान लेखिकेला तोच सवाल येणार होता. बंडायने शिकवलेला धडा असा की जुलूम वरून खाली पायरी-पायरीने उतरतो. ज्याला वरचा तुडवतो, तो आपल्या पायाखाली कोण आहे ते पाहत नाही. शेवटच्या पायरीवर बहुतेक वेळा बाई असते.

आमच्यात जात नाही?

इथे आपण थोडे थांबून स्वतःकडे पाहू. "आमच्यात जातपात नाही," हे वाक्य आपण अभिमानाने म्हणतो, आणि दीनच्या दृष्टीने ते खरेच आहे. सूरह हुजुरातमध्ये माणसांच्या जमाती आणि कबिले एकमेकांची ओळख पटावी म्हणून आहेत असे सांगितले आहे. अल्लाहजवळ इज्जत आहे ती तकव्याला. हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी शेवटच्या हजच्या खुतब्यात अरबाला गैरअरबावर आणि गोऱ्याला काळ्यावर कोणतेही श्रेष्ठत्व नाही हे जाहीर केले. मशिदीच्या सफीत आपण खांद्याला खांदा लावून उभे राहतो.

पण सफ मोडली, चपला घातल्या आणि मुलीच्या स्थळाची गोष्ट निघाली की पहिला प्रश्न काय असतो? "बिरादरी कोणती?" सय्यद-शेखांच्या घरात पिंजाऱ्याची सून, मोमीन-जुलाह्याचा जावई, कुरेशीची लेक, फकिराचा मुलगा हे विषय आजही दबक्या आवाजात बोलले जातात. महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत तांबोळी, बागवान, मोमीन, पिंजारी अशा मुस्लिम बिरादऱ्यांची नावे काही आकाशातून पडलेली नाहीत. प्रा. फकरुद्दीन बेन्नूर यांच्यासारख्या अभ्यासकांनी, मुस्लिम ओबीसी चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी, हा विषय आपल्यापुढे कितीतरी वर्षे मांडला. कागदावर सवलत हवी तेव्हा आपण बिरादरी सांगतो आणि सभेत समतेचे भाषण करताना ती विसरतो.

बानू मुश्ताक यांची 'कफन' ही कथा याच ठिकाणी बोट ठेवते. शाझिया नावाची श्रीमंत बाई हजला निघते. तिच्या ओळखीची गरीब म्हातारी यासीन बुआ तिच्याकडे एकच गोष्ट मागते: जमजमच्या पाण्यात बुडवलेले कफन आणशील का? शाझिया हो म्हणते. तिकडे बाजारहाटीत, नातलगांच्या भेटवस्तूंत ते राहून जाते. यासीन बुआ कफनाची वाट पाहत मरते. दोघीही मुसलमान, दोघीही बायका. तरी एकीचे वचन दुसरीच्या गरिबीपुढे हलके पडले. लेखिकेने इथे कोणा पुरुषाला किंवा मौलवीला दोष दिलेला नाही. हज करून आलेल्या तुमच्या-माझ्यासारखीला तिने आरसा दाखवला आहे.

दोन दारे

अशा लेखनाची किंमत मोजावी लागते. २००० साली बानू मुश्ताक यांनी बायकांनाही मशिदीत जाऊन नमाज पढण्याचा हक्क आहे असे जाहीरपणे म्हटले. त्यावरून त्यांच्यावर फतवा निघाला, तीन महिने सामाजिक बहिष्कार पडला, धमक्यांचे फोन आले. एका माणसाने चाकूने हल्ल्याचा प्रयत्न केला, तेव्हा पतीने त्याला धरले म्हणून त्या वाचल्या. मतभेद असू शकतो. बायकांच्या मशिदीतल्या नमाजविषयी आपल्या उलमांमध्येही वेगवेगळी मते आहेत आणि त्यावर अदबीने बोलता येते. पण बहिष्कार आणि चाकू हे कोणत्याही मताचे उत्तर नाही.

आता दुसरे दार पाहा. चिक्कमगळूरच्या बाबा बुडनगिरीच्या दर्ग्यावर मुसलमानांना जाण्यापासून अडवले जात होते, तेव्हा त्याविरुद्धच्या आंदोलनात याच बानू मुश्ताक होत्या. शाळा-कॉलेजातल्या मुलींच्या हिजाबच्या हक्कासाठीही त्या बोलल्या. आणि २०२५ मध्ये, बुकर मिळाल्यावर, कर्नाटक सरकारने त्यांना म्हैसूरच्या दसऱ्याचे उद्घाटन करायला बोलावले, तेव्हा "मुसलमान बाई कशाला?" म्हणून गदारोळ झाला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, तिथून सर्वोच्च न्यायालयात गेले, दोन्हीकडे अर्ज फेटाळले गेले आणि २२ सप्टेंबरला चामुंडी टेकडीवर त्यांनी उद्घाटन केले.

म्हणजे एका दारावर आपले लोक म्हणाले, "तू आमची नाहीस." पंचवीस वर्षांनी दुसऱ्या दारावर दुसरे लोक तेच म्हणाले. लिहिणारी बाई दोन्ही वेळा तीच होती. तिने बाहेरच्या जुलमापुढे घरातला जुलूम लपवला नाही आणि घरातल्या जुलमाचे नाव घेऊन बाहेरच्यांच्या हातात दगडही दिला नाही. लेखकाचे काम काय, असे मला कोणी विचारले तर मी हेच सांगेन.

घरचे चव्हाट्यावर?

आपल्यातल्या अनेकांच्या मनात एक शंका असते आणि ती फालतू नाही. आज मुसलमानांविषयी काहीबाही बोलणारे कमी आहेत का? भाड्याने घर मिळताना नाव ऐकून दार बंद होते. अशा वेळी आपल्याच घरातले मुतवल्ली, नवरे, भाऊ यांच्या चुका कथेत मांडल्या, तर त्याचा फायदा कोणाला?

या शंकेचे उत्तर मला कुराणातच मिळाले. सूरह निसाच्या एकशे पस्तिसाव्या आयतीत इमानवाल्यांना इन्साफावर ठाम राहायला आणि अल्लाहसाठी साक्ष द्यायला सांगितले आहे, मग ती साक्ष स्वतःच्या, आईबापाच्या किंवा जवळच्या नातलगांच्या विरुद्ध का जाईना. माणूस श्रीमंत असो की गरीब, त्यामुळे साक्ष बदलता कामा नये. यात "शत्रू टपून बसला असेल तर साक्ष पुढे ढकला" अशी सवलत नाही.

आणि आणखी एक गोष्ट. बानू मुश्ताक यांच्या कथांतल्या बायका बहुतेक वेळा शरीयत नको असे म्हणत नाहीत. त्या शरीयतनेच दिलेले मागतात. 'काळे नाग' या कथेतली अश्रफ मुली झाल्या म्हणून नवऱ्याने टाकलेली, मांडीवर आजारी लेकरू. ती मशिदीच्या दाराशी न्याय मागायला बसते. तिला हवी असते मुलांची पोटगी, जी देणे बापावर फर्ज आहे. मुतवल्ली टाळत राहतो, लेकरू जाते आणि मग मोहल्ल्यातल्या बायका, ज्या आजवर खिडकीआडून पाहत होत्या, त्याच्या तोंडावर त्याला शाप देतात. गिरीश कासारवल्ली यांनी याच कथेवर 'हसीना' हा चित्रपट काढला आणि त्यातल्या भूमिकेसाठी तारा यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दीनने दिलेले आणि रिवाजाने काढून घेतलेले यांतला फरक इतका स्वच्छ मांडणारी कथा बदनामी करत नाही. ती आपली बाजू घेते.

हिशेब

आता माझ्या घराची बाकी राहिलेली गोष्ट.

अब्बा गेले तेव्हा भावाने मलाही तेच विचारले, "हिस्सा घेणार का?" मी शिकलेली, नोकरी करणारी. मी सूरह निसाची आयत उघडून त्याच्यापुढे ठेवली: आईबापाने मागे ठेवलेल्यात पुरुषांचा वाटा आहे आणि बायकांचाही आहे, मालमत्ता थोडी असो की जास्त. भाऊ भला माणूस. त्याने नियमाप्रमाणे माझा वाटा दिला. मला फार मोठे काम केल्यासारखे वाटले.

त्या मुतवल्लीची कथा वाचेपर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते की मी जो हिस्सा घेतला, त्यात फुफीने सोडलेलाही होता. माझ्या वेळी मला आयत आठवली. तिच्या वेळी ती अब्बांना आठवली नव्हती, काकांना नव्हती आणि नंतर इतकी वर्षे मलाही नव्हती.

मागच्या रमजानमध्ये फुफीकडे गेले. तिला आता नीट दिसत नाही. मी तिला ती कथा मराठीत सांगितली, जमेल तशी. ती तसबीह फिरवत ऐकत राहिली. मग म्हणाली, "त्या बहिणीने मागितले तरी. मला तर मागायचे असते हेच माहीत नव्हते." थोड्या वेळाने म्हणाली, "सही मात्र छान केली होती गं मी."

मी भावाशी बोलले. काकांच्या मुलांशी बोलणे चालू आहे. कोणी म्हणते एवढ्या वर्षांनी काय उकरता, कोणी म्हणते तिने राजीखुशीने सोडले होते. ज्याला आपला हक्कच ठाऊक नाही त्याची राजीखुशी कशी धरायची, एवढाच माझा सवाल आहे. माझ्या वाट्याचे जे तिचे होते ते मी तिला द्यायला सुरुवात केली आहे. बाकीचा हिशेब अजून पुरा झालेला नाही.

वाचक बहिणींनो आणि भावांनो, आपल्यापैकी प्रत्येकाला कथा लिहिता येणार नाही. पण साक्ष देता येते. रात्री जेवण झाल्यावर अशी एखादी कथा घरात मोठ्याने वाचून पाहा, आणि वाचताना घरातले कोण मान खाली घालते ते बघा. मुलीच्या हाती वही द्या आणि ती काय लिहिते म्हणून ओढून घेऊ नका. स्थळ बघताना बिरादरीच्या आधी माणूस विचारा. आणि तुमच्याही घरात ट्रंकेच्या तळाशी एखादे हक्कसोड पत्र असेल, तर ते काढून त्यावरची सही कोणाची आहे ती पाहा. ती बाई हयात असेल, तर अजून वेळ गेलेली नाही.